दप्तरबंदी
(उना नदीचा काठ, १८८१)

सरहद्द मोडली.
म्हणजे नदी आहे तिथंच आहे,
पलीकडची टेकडीही, टेकडीवरचा मिनारही;
फक्त व्हिएन्नाहून कागद आला
की यापुढे हा मुलूख लष्करी नाही.
मला हुकूम झाला: व्रानेश, कपाटं रिकामी कर.
एकतीस वर्षं मी या पलटणीचा कारकून.
कपाटं माझ्याहून जुनी.

सगळ्यांत खाली, उंदरांनी कुरतडलेली,
कप्तानांची दप्तरं.
तेव्हा ठाण्याला कप्तान होता,
कप्तानाला पगार नव्हता.
'या तिमाहीचं कापडाच्या दोन ताग्यांवर भागवावं.'
शिपायांविषयी काहीच लिहिलेलं नाही.
त्याच्यावर जनरल बसले. मग पलटणी आल्या,
पलटणींना नावं, मग नावं पुसून आकडे,
मग आकडेही फिरले, कारण वरच्या कचेरीत
कुणीतरी यादी उलट्या टोकाकडून मोजली.
हद्दीची रेघ तीनदा सरकली.
ग्रुबानची अलुबुखाराची बाग
तीनदा वेगळ्या साहेबाच्या हाताखाली गेली.
झाडं जागची हलली नाहीत.
दारू तीच निघाली.

कर्नल हॉफश्टेटरनं दोरी धरून गावं आखली,
दोरीत न बसलेली घरं पाडली.
फॉन रॉइटला रेशीम हवं होतं:
दर चुलीमागे चार तुती, न जगल्यास बारा फटके.
किडे पहिल्याच हिवाळ्यात मेले.
तुती अजून आहेत,
पोरं जांभळ्या तोंडानं शाळेत येतात.
त्याच्यानंतरच्याचं नाव शाई सांडल्यानं लागत नाही.
फटक्यांची वही त्याच्या काळात
सगळ्यांत पातळ.

आणि मग एक पिवळा चिठोरा,
अजून शिरक्याचा वास येणारा.
पटकीच्या दिवसांत काठावरचा कागद
चिमट्यानं धरून शिरक्यात बुडवत,
धुरावर वाळवत, मगच साहेबापुढे ठेवत.
अक्षर कुठल्यातरी पाद्र्याचं. मजकूर तिचा.

'हुजूर, चौकी सतरा.
नवरा आणि दीर इटलीच्या मोहिमेवर.
थोरला मुलगा तापानं गेला,
धाकटा अजून बंदुकीएवढा नाही.
आमच्या घराची पाळी आली, म्हणून मी बसते.
बंदूक मला लांब पडते.
आज पाचवी रात्र.
कुणी बदली आलं नाही.
गाय दुभती आहे, तिला पान्हा आटवून चालणार नाही.
स्तानोय्ला, मिलाक यांच्या घरची.'

समासात तिरकं, सुंदर वळणाचं जर्मन:
'पाहिले. पहाऱ्याच्या नियमांत स्त्रियांचा उल्लेख नाही.
सबब सदर बाई पहाऱ्यावर नाही.
जी पहाऱ्यावर नाही, तिला बदली देता येत नाही.'
खाली सही. सही मात्र नीट लागते.

मी पहाऱ्याची वही उघडली.
चौकी सतरा: पाचवी रात्र, कोरी.
सहावी, कोरी. पुढची पानं
चौकीच्या छपराच्या हिशेबाची.
तिचं काय झालं ते इथं नाही.
मिलाकांचं घरही आता नाही,
एक पणती म्हणे सिसाकला लग्न होऊन गेली.

बाहेर गाडीवाला बैलांवर ओरडतोय.
अकरा पेट्या सांगितल्या होत्या, चौदा झाल्या,
तीन पेट्यांचं भाडं कोण देणार यावर
वार्ताहर शिपाई आणि तो भांडताहेत.
दोन डोक्यांच्या गरुडाचा शिक्का
संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आहे.

आयुष्यात मी वहीत एक अक्षर
माझ्या मनानं घातलं नाही.
कर्नलांच्या चुकासुद्धा चुकांसकट उतरवल्या.

लेखणी बुडवली.
चौकी सतरा. स्तानोय्ला मिलाक.
बदली दिली. बंदूक जमा.
घरी जावे.

तारीख आजचीच टाकली.
खोटं कशाला लिहू,
उशीर झालाय हे दिसू दे.